उंदराचे खांदे

'सर, उंदराला खांदे असतात का?'

आठवीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा बाकीची मुलं हसली. मला हसता आलं नाही, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा माझा शनिवारचा वर्ग असतो. एरवी आम्ही स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या ठरलेल्या वाटेने जातो. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती. तांब्या, पितळी ताट आणि दोन वांगी मांडून ठेवली होती, पण त्यांच्यावर छायाप्रकाश म्हणून काही दिसेना. लॅपटॉपमध्ये तासाभराचं चार्जिंग शिल्लक होतं. मग 'रॅटाटूई' या ॲनिमेशनपटातला काही मिनिटांचा एक प्रसंग मुलांना चार वेळा दाखवला, आवाज बंद करून. काम दिलं ते इतकंच: उंदराचे तीन क्षण काढा. एक घाबरलेला, एक मान डोलावणारा आणि एक 'जमतं थोडंफार' म्हणणारा. पहिले दोन बहुतेकांना जमले. तिसऱ्यावर सगळ्यांची पेन्सिल अडली. उंदीर खांदे वर करतोय असं काढायला जावं, तर कागदावर उंदराचा मुखवटा चढवलेला माणूस उभा राहायचा. ती मुलगी सहा वेळा खोडून दमली, कागदाला भोक पडलं, आणि मग तिने प्रश्न विचारला.

पुढचं सगळं त्या प्रश्नाच्या मागे लागून पाहिलेलं आहे.

बरणीतला उंदीर

चित्रपट पिक्सारचा, २००७ सालचा, दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी प्रसंगाच्या आधीचं थोडक्यात सांगतो. रेमी नावाचा उंदीर पॅरिसच्या एका प्रसिद्ध रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात येऊन पडतो. तिथे कचरा उचलायला ठेवलेला लिंग्विनी नावाचा पोरगा सूप सांडतो आणि ते लपवायला हाताला लागेल ते भांड्यात ओततो. रेमीला ते बघवत नाही. समोर खिडकी उघडी असताना पळायचं सोडून तो ते सूप सुधारत बसतो. सूप गिऱ्हाइकांना आवडतं, नाव लिंग्विनीचं होतं आणि उंदीर सापडतो. मुख्य शेफ स्किनर पोराला बजावतो की हा लांब ने आणि मारून टाक. लिंग्विनी काचेची बरणी घेऊन, सायकल मारत, रात्री सेन नदीच्या काठावर येतो.

आता बघण्यासारखं काय ते पाहा. या चित्रपटात उंदीर आपापसात बोलतात, अगदी वाद घालतात. माणसांपुढे मात्र रेमीला वाचा नाही. म्हणजे या प्रसंगात आवाजाच्या कलाकाराला सुट्टी आणि सगळा भार शरीरावर. त्यात तो बरणीत. हालचालीला जागा वीतभर. लिंग्विनी बरणी उचलतो, फेकायला हात मागे नेतो आणि आत नजर जाते. रेमी थरथरतोय. इथे त्याने हात जोडलेले नाहीत, डोळ्यांत टपोरं पाणी नाही. तो केवळ घाबरलेला प्राणी आहे: अंग चोरलेलं, कान मागे, पोट भराभर वरखाली. हे पोटाचं हलणं ज्याने पिंजऱ्यातला उंदीर जवळून पाहिलाय त्याला लगेच ओळखू येईल.

मी पाहिलाय. आमच्या वाड्यात भज्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवायचे आणि सकाळी सापडलेला उंदीर कालव्यापलीकडे सोडून यायचं काम वडिलांचं असायचं, मी मागोमाग. वडील पिंजरा अंगापासून लांब धरायचे आणि शक्यतो त्याच्याकडे बघायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं ते किळस येते म्हणून. लिंग्विनीने बरणीत पाहिल्यानंतर काय झालं ते बघून वाटलं, कारण वेगळं असावं. एकदा डोळ्यांत पाहिलं की काम अवघड होतं.

लिंग्विनी बडबडायला लागतो. तूच त्यात मसाले टाकत होतास, काय टाकलंस, ओरेगानो? रेमी मान हलवतो, नाही. मग रोझमेरी? नाही. ही मान इतकी बारीक हलते की लिंग्विनीच्या ध्यानातच येत नाही, तो आपल्याच रडगाण्यात. आपल्याला मात्र दिसतं. ही युक्ती मला फार आवडते. पात्राच्या आधी प्रेक्षकाला कळतं, आणि मग आपण खुर्चीत पुढे सरकून वाट बघतो की या गड्याला कधी कळणार. कळतं तेव्हा तो विचारतो, तू मान डोलावलीस? उत्तर म्हणून पुन्हा मान. मग खरा प्रश्न येतो. मला स्वयंपाक येत नाही ना? रेमी: नाही. मग लिंग्विनी विचारतो, पण तुला येतो?

इथे तो क्षण. खांद्यांचा.

मराठीत 'खांदे उडवणे' म्हणजे बेपर्वाई दाखवणे. 'त्याने नुसते खांदे उडवले' म्हटलं की माणूस उद्धट ठरतो. रेमी करतो ते याच्या उलट आहे. कुणी पाहुण्याने आमटीचं कौतुक केल्यावर घरातली बाई पदर सावरत 'अहो, कसलं काय' म्हणते ना, त्या घरातलं हे खांदे उचलणं आहे. येतं, पण येतं म्हणायचं कसं. मृत्यूच्या दारात, बरणीत बंद असताना या प्राण्याला विनय सुचतो, आणि तेवढ्या एका हालचालीत तो 'उंदीर' राहत नाही, कलावंत होतो. मग लिंग्विनीही म्हणतो की अरे, उंदीर आहेस तू, इतका लाजू नकोस.

माणूसपण किती घालायचं

या चित्रपटापुढची अडचण साधी नव्हती. कुत्रा, मासा, खेळणं यांच्याबद्दल प्रेक्षक आधीपासून मऊ असतो. उंदीर आणि स्वयंपाकघर या दोन गोष्टी एकत्र आल्या की पोटात ढवळतं. त्यातून हा छोटा चिमुकला उंदीरही नाही. मराठीत आपण लहान-मोठ्या दोघांनाही उंदीरच म्हणतो. रेमी मोठ्या जातीतला, गटारातून वर येणारा. सोपा मार्ग असा की त्याचं उंदीरपणच काढून टाकायचं: गोल कान, हातमोजे, चड्डी, दोन पायांवर चाल. कुणी तक्रार केली नसती.

मूळ कल्पना आणि बहुतेक पात्रांची घडण यान पिंकावा यांच्या काळातली. 'गेरीज गेम' या लघुपटासाठी ऑस्कर मिळवलेले हे दिग्दर्शक. शिल्पकाराची नजर असलेला माणूस अशी त्यांची ख्याती. २००५च्या सुमारास चित्रपट ब्रॅड बर्ड यांच्याकडे आला. त्यांनी कथेत बरीच उलथापालथ केली, आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंदरांचं माणूसपण कमी केलं. कमी केलं, काढलं नाही. लांब उघडी शेपटी राहिली, चार पायांवरची पळापळ राहिली, घाबरल्यावर भिंतीच्या कडेने सरपटणं राहिलं. बदलले ते मुख्यतः डोळे. खऱ्या उंदराचे डोळे डोक्याच्या बाजूंना, काळे मण्यांसारखे. कुठे बघतोय ते आपल्याला कळत नाही. रेमीचे डोळे पुढे आणले, त्यांना पांढरं दिलं, बुबुळ दिलं. नजर कुठे आहे हे कळल्याशिवाय अभिनय होत नाही, म्हणून ही सूट घ्यावीच लागली. बाकी ठिकाणी मंडळींनी हात आखडता घेतलेला दिसतो.

स्टुडिओच्या एका बोळात वर्षाहून जास्त काळ पाळीव उंदरांचं घर ठेवलेलं होतं, येता-जाता ॲनिमेटरांनी नाक, कान, पंजे, शेपटी कशी हलते ते बघावं म्हणून. मला यातलं 'येता-जाता' महत्त्वाचं वाटतं. चित्रफीत बघून अभ्यास करणं वेगळं आणि रोज चहाला जाताना एका प्राण्याची ओळख होणं वेगळं. आमच्या वर्गात मी वांगी मांडतो आणि मुलं तासाभरात ती 'काढून टाकतात'. पुढच्या वेळेस वांगी आठवडाभर खिडकीत ठेवायचा विचार आहे. (या चित्रपटाच्या कलाविभागाने हेही केलंय म्हणे: कचऱ्याचा ढीग खरा वाटावा म्हणून सफरचंद, केळी, मश्रूम, ब्रोकोली अशा पंधरा प्रकारच्या फळभाज्या सडू देऊन त्यांचे फोटो काढले. तो वास कुणी सोसला असेल देव जाणे.)

रेमीचं दोन पायांवर चालणंही फुकट आलेलं नाही. भाऊ एमिल त्याला विचारतो, तू असा काय चालतोस? रेमीचं म्हणणं, ज्या हातांनी अन्न धरायचं तेच जमिनीला टेकवून कसं चालेल. आमच्या आजीच्या भाषेत, सोवळं. आता हा एक तपशील किती कामाला येतो बघा. यापुढे चित्रपटभर रेमी दोन पायांवर आहे की चार, हे बघून आपल्याला कळतं की तो या घटकेला स्वयंपाकी आहे की उंदीर. कुणाला सांगावं लागत नाही. नदीकाठी लिंग्विनी झाकण उघडतो तेव्हा रेमी चारी पायांवर बाण सुटावा तसा पळतो. एका क्षणापूर्वी विनयाने खांदे उचलणारा हाच तो, यावर विश्वास बसू नये इतकं ते पळणं निखळ उंदराचं आहे. मग तो थांबतो आणि मागे वळून बघतो. त्या वळण्यात नाट्य येतं ते पळणं खरं होतं म्हणून. तो सुरुवातीपासून टाय घातलेल्या माणसासारखा चालत असता तर त्याच्या परतण्याला काय किंमत राहिली असती?

आपल्याकडे हा प्रश्न मूर्तिकारांनी कधीच सोडवून ठेवलाय, हे मला फार उशिरा सुचलं. गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक मागच्या पायांवर उभा, पुढच्या दोन पंजांत मोदक. अंगावर झूल घालतील, पण चेहरा उंदराचाच ठेवतात. तो पवित्रा खोटा नाही. खायचं असलं की उंदीर खरंच तसा बसतो, दोन्ही पंजांत दाणा धरून. माणसासारखं काही दाखवायचं तर ते प्राण्याच्या अंगात आधीच कुठे आहे ते शोधायचं आणि तेवढंच वाढवायचं.

हाड

खांद्यांचा प्रश्न मी एका पशुवैद्य मित्राला विचारला. तो म्हणाला, गळ्याखालचं जे आडवं हाड असतं, कॉलरबोन, ते घोड्याला नसतंच, कुत्र्यात नावापुरतं. उंदराला ते चांगलं घडलेलं असतं. त्यामुळे त्याचे पुढचे पाय नुसते पुढे-मागे जात नाहीत, बाजूला पसरतात, जवळ येतात, वस्तू धरतात. 'म्हणजे खांदे आहेत,' तो म्हणाला, 'तुला दिसत नाहीत एवढंच. वरती सैल कातडं आणि केस.'

आणि केस म्हणजे किती? निर्मात्यांनी त्या वेळी दिलेला आकडा असा की रेमीच्या अंगावर साडेअकरा लाख केस होते आणि चित्रपटातल्या कोलेट या शेफच्या डोक्यावर एक लाख पंधरा हजार. एवढ्या केसांखाली खांदा हलला तर बाहेर काय दिसणार?

मी तो क्षण पुन्हा लावला, आता थांबवत थांबवत. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं जातात, त्यामुळे अशी हालचाल दहा-पंधरा चित्रांत आटोपते. बघता बघता लक्षात आलं की आम्ही सगळे चुकीच्या जागी बघत होतो. माणूस खांदे उचलतो तेव्हा खांदे वर जातात, कारण त्याला मान आहे. मोजायला मधे जागा आहे. उंदराला दिसण्याजोगी मान नाही. म्हणून इथे डोकं खाली बसतं. डोकं अंगात किंचित रुतलं, पंजे थोडे उघडले, नजर खालून वर आली, की बघणाऱ्याच्या मनात खांदे आपोआप वर जातात. मुलं खांदे काढत होती. काढायचं होतं डोकं.

ओला अंगरखा

प्रसंगात आणखी एक गंमत आहे. उत्साहाच्या भरात हातवारे करताना लिंग्विनीचा धक्का लागतो आणि बरणी नदीत पडते. तो मागोमाग उडी मारतो आणि नखशिखान्त भिजून वर येतो. विनोदाला दोन सेकंदांची गरज होती. त्यासाठी पिक्सारमधला एक कर्मचारी शेफचा अंगरखा आणि ॲप्रन घालून कंपनीच्या पोहण्याच्या तलावात उतरला. कापड अंगाला कुठे चिकटतं आणि पाण्याने कुठे अर्धवट पारदर्शक होतं, ते बघायला. पावसात भिजलेला पांढरा शर्ट आपण जन्मभर बघतो. तो चिकटतो खांद्यावर आणि छातीवर, पोटापाशी झोळ राहतो. तरी काढायला बसलं की हात नुसत्या रेघोट्या मारतो.

पण याच मंडळींनी माणसांना पायाची बोटं दिली नाहीत. वेळ वाचवायला. बूट घातलेल्या माणसाची बोटं कोण बघतंय? हे कळल्यावर मला त्या कंपनीबद्दल जास्त आदर वाटू लागला. तपशिलाचं वेड एक गोष्ट, आणि कुठे तपशील नको हे कळणं दुसरी. माझे विद्यार्थी तांब्याच्या तळाशी न दिसणारी नक्षीसुद्धा काढतात आणि तांब्या वाकडा राहतो.

लिंग्विनीचं शरीर या प्रसंगात नुसतं ढिलं वाटतं. लांब हात, लांब पाय, कुठेच जोर नाही. त्या ढिलेपणाचं कारण पुढे उलगडतं. टोपीत बसलेला रेमी केस ओढून त्याला चालवतो आणि हा पोरगा कळसूत्री बाहुली होतो. एरवी चांगल्या ॲनिमेशनमध्ये हालचालीचा एक क्रम असतो: आधी डोळे जातात, मग डोकं वळतं, मग हात उठतो. मनात आलं आणि केलं, असं त्यातून दिसतं. लिंग्विनीच्या बाबतीत हा क्रम उलटा केलाय. हात आधी सुटतो, कढईपाशी पोचतो आणि चेहरा सगळ्यांत शेवटी दचकतो. आवाज बंद करून पाहिलं तरी कळतं की हे हात या माणसाचे नाहीत. वर्गातल्या एका मुलाने हे मी सांगायच्या आधी ओळखलं आणि सबंध मधल्या सुट्टीत तसं चालून दाखवलं.

सगळंच इतकं नेमकं नाही. स्किनर हा बुटका, चिडका खलनायक मला ओढूनताणून वाटतो; त्याच्या नदीवरच्या पाठलागात वेग आहे, पण पात्र काही नवं सांगत नाही. खाद्यसमीक्षक अँटन इगोची घडण गिधाडावरून केलेली, अभ्यासिका शवपेटीच्या आकाराची. पहिल्यांदा दिसतो तेव्हा हे जरा जास्तच मोठ्याने सांगितल्यासारखं होतं. अर्थात शेवटी एका घासाने त्याच्या हातातलं पेन गळून पडतं, तेव्हा तो सगळा कडकपणा कशासाठी साठवला होता ते समजतं. माझी खरी तक्रार रेमीच्या निवेदनाबद्दल आहे. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ होतो तोच त्याचं बोलणं सुरू होतं, आणि पुढेही जे अंगाने दाखवून झालंय ते तो कित्येकदा तोंडाने सांगतो. म्हणून मी मुलांना आवाज बंद करून दाखवलं. बरणीतला प्रसंग निवडला तोही याचसाठी: तिथे त्याला बोलायची सोयच नाही.

पुढच्या शनिवारी मुलीने चित्र आणलं. खांदे तिने अजिबात उचलले नव्हते. डोकं दोन रेघांनी खाली दाबलं होतं, हनुवटी छातीत, पंजे मोदक धरल्यासारखे पण रिकामे. कान एक पुढे, एक मागे. हे मी सांगितलं नव्हतं. बरणीची काच काढायला ती विसरली होती, तरी तो उंदीर बरणीत आहे हे कळत होतं, कारण कोपरं अंगाला चिकटलेली होती.

'छान झालंय,' मी म्हटलं.

'नाही सर, शेपटी फसलीय. तो लाजतो तेव्हा शेपटी कुठे असते?'

मी प्रसंग किती वेळा पाहिला असेल मोजलं नाही. शेपटीकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. लॅपटॉप उघडला.